सध्या काय वाचताय? आणि त्यात कुणी काम करतं का?

शेवरी (धागालेखिका)

आधीचा वाचनाचा धागा फार लांबला, मोबाइलवर उघडायलाच मिनिटभर लागतं, म्हणून नवा काढतेय. रिवाज तोच: काय वाचलंत, कसं वाटलं, मोकळेपणी लिहा. सुरुवात माझ्यापासून.

थोडं मागचं सांगते. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यावर छातीएवढं चढलं आणि पुस्तकांच्या कपाटाचे खालचे कप्पे गेले. दोन दिवसांनी आत गेलो तेव्हा पुस्तकं नव्हतीच, लगदा होता. घमेल्याने भरून बाहेर टाकला. मधल्या कप्प्यातली पुस्तकं अर्धी भिजली, वरची वाचली. त्यानंतर नवीन घ्यायचा धीरच होईना. गेलं वर्षभर मग त्या वाचलेल्यांतलीच पुन्हा वाचतेय, जोडीला वाचनालयातली एखाददुसरी. ('वाचलेली' हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या.)

पहिलं काढलं 'रारंग ढांग'. प्रभाकर पेंढारकरांचं. माझ्या प्रतीच्या प्रत्येक पानावर खालून साधारण तीन बोटांवर तांबूस रेघ आहे, पाणी तिथपर्यंत येऊन थांबलं त्याची. पान उलटताना अजून बारीक गाळ हाताला लागतो. डोंगर आणि दरडींची कादंबरी अशा प्रतीत वाचायला मिळणं हा योगच म्हणायचा.

कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा विश्वनाथच्या प्रेमात पडले होते. मुंबईतलं बरं चाललेलं सोडून हिमालयात रस्ते बांधायला जाणारा इंजिनिअर, लष्करी शिस्तीशी त्याचं न जमणं, शेवटी चौकशीला सामोरं जाणं. आता मी स्वतः पंचवीस वर्षं याच धंद्यात आहे (छोटी कामं हो: घरं, साकव, संरक्षक भिंती), तेव्हा यावेळी प्रेमात पडले ती मेजर बंबाच्या, विश्वनाथच्या वरच्या अधिकाऱ्याच्या. प्रेम म्हणजे काय, कीव. पैसे इतके, सिमेंट इतकं, मुदत इतकी, आणि वरून विचारणा. भिंत कुठे घालायची हे डोंगर ठरवतो आणि ती घालायची की नाही हे कागद ठरवतो. विश्वनाथ बरोबर आहे हे वीस वर्षांची असताना लख्ख दिसायचं. आता दोघांचीही बाजू दिसते आणि झोप लागत नाही.

तर हे वाचून मी एका नादाला लागले. आपल्याकडच्या पुस्तकांत माणसं *काम* करताना दिसतात का, हे बघायला लागले. नोकरी नव्हे, काम. आठवून बघा. नायक सकाळी ऑफिसला गेला, पुढच्या परिच्छेदात संध्याकाळी परतला, चहा घेतला, बायकोशी किंवा स्वतःशी भांडला. मधले नऊ तास गेले कुठे? माणूस जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ ज्यात घालवतो ते लेखकाला सांगण्यासारखं वाटत नाही, आणि संध्याकाळच्या उदासीवर मात्र चाळीस पानं. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं तर विचारूच नका. दहा हजारांची फौज घाट उतरते. घोड्यांचा दाणा कोण आणतं, नाल कोण ठोकतं, तळावर पाणी कुठून येतं, काही नाही. नुसत्या तलवारी तळपतात.

या चष्म्यातून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुन्हा वाचली. १९५५ सालची. तिच्याबद्दल शाळेपासून एकच ऐकत आलोय, 'माणदेशाचं दर्शन'. मला यावेळी दिसला तो एक नवशिका कर्मचारी. कोवळा मास्तर, पहिली नेमणूक, शाळा आहे पण पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. मग तो काय करतो? एकेका घरी जातो. कागद वाचून देतो, तंटे ऐकतो, लोकांची कामं करतो. शिकवायचं काम सुरू करण्याआधी दहा बिनपगारी कामं. खेड्यात पहिली नेमणूक मिळालेल्या कुणालाही विचारा, आजही हेच सांगेल. पुढे गावाने अंगमेहनतीने तालीम बांधायची ठरते, तो भाग मी पेन्सिल घेऊन वाचला. बांधकाम म्हणून! कोण दगड आणणार, कोण मातीकाम करणार, कुणाचा पाय मागे, कुणाचं तोंड पुढे. आणि शेकूचा बैल जातो तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी औताला लागते, तिथे माडगूळकर एक शब्द जास्तीचा खर्च करत नाहीत. मी तिथे पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन आले.

तिसरं, आणि यंदाचं सगळ्यात आवडतं, 'माझा प्रवास'. गोडसे भटजी. हे इतकी वर्षं मी 'सत्तावनच्या बंडाची हकिगत' म्हणून बाजूला ठेवलं होतं, झाशीची राणी वगैरे. चूक झाली. हे धंद्यावर निघालेल्या माणसाचं पुस्तक आहे! पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट, घरी कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दानधर्म होणार अशी बातमी लागते आणि हे काकांना सोबत घेऊन निघतात. साल नेमकं १८५७. म्हणजे आजच्या भाषेत मोठं काम मिळेल म्हणून माणूस परगावी जातो आणि तिथे सगळं पेटतं.

मजा अशी की इतिहास समोर घडत असतानाही भटजींची नजर धंद्याची आहे. कुठे कोणता विधी झाला, दक्षिणा काय मिळाली, जेवणात काय होतं, रक्कम अंगावर कशी लपवली. झाशीचा वेढा, नंतरची लूट आणि कत्तल त्यांनी शहरात राहून पाहिली, आणि तीसुद्धा याच बारकाईने सांगितली, म्हणून ती जास्त अंगावर येते. मिळवलेलं सगळं लुटलं जातं, एकदा नव्हे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते तो प्रसंग बऱ्याच जणांना माहीत असेल. तहानलेली, धुळीने माखलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती त्यांना काढू देत नाही, विद्वान ब्राह्मणाने माझ्यासाठी कष्ट नकोत म्हणते आणि मडकं घेऊन स्वतः शेंदते. सगळ्या पुस्तकात राणी मला खरी वाटली ती इथे, पोहरा हातात घेतलेली. आणि शेवटी हा माणूस घरी पोचतो तेव्हा गाठीला पैसा जवळपास नाही, खांद्यावर आईवडिलांसाठी गंगेची कावड. पुस्तक छापून आलं थेट १९०७ साली, चिं. वि. वैद्यांनी काढलं. त्यांनी हात फिरवून छापलं होतं. मूळ बाडाबरहुकूम आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी केली. मिळाली तर तीच वाचा.

चौथं 'एक होता कार्व्हर'. घरच्या तीन प्रतींपैकी (लेकाला तीन वेगवेगळ्या बक्षीस समारंभांत मिळालेल्या!) दोन पुरात गेल्या, एक शेजारणीकडे होती ती परत आली. इथे लोक रागावतील, पण मला पुन्हा वाचवलं नाही. भुईमुगाचे प्रयोग वाचायला बसले आणि दर पानाला संतच भेटायला लागला. एवढं काम केलेला माणूस एकदा तरी चिडला असेल, एखादा प्रयोग फसून महिना वाया गेला असेल, ते कुठाय? अकरा वर्षांच्या मुलाला द्यायला उत्तम. माझ्यासाठी नाही.

बाकी दोनतीन पुस्तकं अर्ध्यात सोडली, त्यांची नावं घेत नाही. तुम्ही लिहा.

---

सातारी_माचिस

मी पयला! कार्व्हरला हात लावलात, आता भोगा.

---

कडूजिरं

बनगरवाडीशी शंभर टक्के सहमत. पण ताई, तुमच्या फूटपट्टीने 'कोसला' बाद होणार की हो. पांडुरंग सांगवीकर सहा वर्षं पुण्यात काय काम करतो? काही नाही. आणि तरी १९६३ पासून प्रत्येक पिढीतला एकेक पोरगा ते उशाशी घेऊन झोपतोय. (मी झोपलोय. शर्टसुद्धा तसलेच घालायचो.) काम न करणाऱ्या माणसाचं काय चाललंय हाही विषय आहेच ना?

---

शेवरी

कडूजिरं, कोसला बाद नाही! उलट त्यात बापाच्या पैशांचा हिशोब आहे, मेसचा घोळ आहे. पैसा आला कुठून, गेला कुठे हे त्या पुस्तकाला पक्कं ठाऊक आहे. आणि 'मनी'चं, पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, प्रकरण वाचताना फूटपट्टी कुणाच्या हातात राहते?

शर्टाचा फोटो टाका.

---

हाम्बुर्गकर

धागा आवडला. माझं ताजं वाचन 'रणांगण', विश्राम बेडेकर, १९३९. भारतातून येताना मित्राने दिलं, विमानतळावर सुरू केलं आणि उतरण्याआधी संपलं, एवढं छोटं आहे.

तुमच्या मुद्द्याला धरून लिहितो. त्यात बोटीवर कुणीच काम करत नाही. आधी वाटलं, झालं, प्रवासातलं प्रेमप्रकरण. चक्रधर आणि हॅर्टा. पण मग लक्षात आलं की बोटीवर जे ज्यू निर्वासित आहेत त्यांच्याकडून काम *काढून घेतलेलं* आहे. इथे जर्मनीत राहायला लागल्यापासून तो इतिहास जरा जवळून वाचला. १९३३ च्या एप्रिलमध्ये सरकारी नोकऱ्या गेल्या, १९३८ मध्ये डॉक्टरांचे परवाने, १९३९ उजाडताना किरकोळ दुकानदारीसुद्धा बंद. आधी धंदा गेला, मग घर, मग देश. बोट पूर्वेकडे, कारण व्हिसा न मागणारं शांघायसारखं बंदर जगात दुसरं जवळपास उरलंच नव्हतं. हे सगळं बेडेकर व्याख्यानासारखं सांगत नाहीत. पण डेकवर दिवसभर नुसती बसलेली ही माणसं एकेकाळी काय करत असतील, हा विचार वाचताना सारखा येत राहिला.

आमच्या गल्लीत फुटपाथवर पितळी चौकोन बसवलेले आहेत, इथून नेलेल्या लोकांच्या नावांचे. रोज ओलांडून बसस्टॉपला जातो. पुस्तक वाचल्यावर चारपाच दिवस पलीकडच्या फुटपाथने गेलो.

---

बोंबील_थाळी

@हाम्बुर्गकर, शेवट वाचून मी पुस्तक फेकलं होतं. रागाने. मग उचललं. (शेवट सांगत नाही, लोकांनी वाचलं नसेल.)

अवांतर: एवढ्या पानांत एवढं सांगता येतं तर हल्लीच्या सातसातशे पानी कादंबऱ्यांनी नेमकं काय करायचं योजलेलं असतं?

---

पन्हाळ्याच्या_पायथ्याचा

आमच्याकडचं एक सुचवतो. कृष्णात खोतांची 'रिंगाण'. साहित्य अकादमी मिळाली २०२३ ला, म्हणून नव्हे, आम्ही आधीपासून त्यांचे वाचक. 'गावठाण', 'रौंदाळा' पासूनचे. धरणात गाव गेलेलं, माणसं दुसरीकडं बसवलेली, आणि मागं सुटलेली म्हैस आणायला माणूस परत त्या रानात जातोय. गोष्ट इतकीच. पण ती म्हैस आता पाळीव राहिली नाही. माणसाला वाटतंय आपली हाय, तिला तसं काही वाटत नाही.

शेवरीताई, तुम्हाला काम बघायचं आहे तर ह्यात जनावराशी असलेलं काम बघा. हाक कशी मारायची, वास कसा घ्यायचा, पाण्यावर कधी येईल. माझ्या आज्जीनं सगळं आयुष्य म्हशीत काढलं. तिला दोन पानं वाचून दाखवली. ऐकलं आणि म्हणाली, "बरुबर हाय. पर ह्यो गडी वाऱ्याच्या अंगानं कशाला चाललाय?" समीक्षा संपली.

भाषा अवघड जाते असं पुण्यामुंबईचे मित्र म्हणतात. वीस पानं दम धरा, कानाला सवय होते.

---

शेवरी

आज्जींना साष्टांग नमस्कार. वाचनालयात नाव नोंदवून ठेवलं.

---

दगडफूल

धागा दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही म्हणून लिहिते. शेवरीताई, तुमचं म्हणणं पटलं आणि खुपलंही.

'काम दिसायला हवं' असं तुम्ही म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे कसब आहे. इंजिनिअर, मास्तर, भटजी. ज्याने काम निवडलंय किंवा निदान ज्याला त्याचा अभिमान वाटू शकतो असा माणूस. मी याच महिन्यात 'बलुतं' तिसऱ्यांदा वाचलं. १९७८ ला आलेल्या त्या पुस्तकाचं नावच कामावरून आहे. गावकीची कामं करायची, बदल्यात धान्याचा वाटा मागायचा, तो बलुतं. ही कामं कुणी निवडलेली नव्हती. जन्मली तशी गळ्यात पडली. मुंबईत कावाखाना या वस्तीत येऊन बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काच, लोखंड वेचायच्या, निवडून विकायच्या. दया पवारांनी ते तपशिलात लिहिलंय. तुमच्या फूटपट्टीने पैकीच्या पैकी मार्क. पण तिथे काम बघून 'वा' म्हणता येत नाही. म्हणावंसं वाटलं तर आपल्यातच काहीतरी चुकलंय.

दुसरं. रारंग ढांगमध्ये सुरुंग ठासून कडा फोडणारे, दगड वाहणारे लोक आहेत. त्यांचं काम विश्वनाथच्या नजरेतून दिसतं. त्यांच्या नजरेतून विश्वनाथ कसा दिसला असेल, हे पुस्तक कुणी लिहिलंय का?

वाईट वाटून घेऊ नका, धागा छान आहे म्हणूनच लिहिलं.

---

कडूजिरं

दगडफूल, कडक. तो रस्त्यावरच्या मजुराचा प्रश्न आता डोक्यातून जाणार नाही.

---

आजोबा_ऑनलाइन

वाद रंगात आला आहे, त्यात माझे दोन पैसे.

दगडफूल यांनी मांडले ते योग्य. त्याला जोडून 'स्मृतिचित्रे' सुचवतो. लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतले की लोक त्यांचा विनोद आणि त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांचे धर्मांतर यांवर बोलतात (टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, बाई १९०० साली). मी यंदा वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी वाचले ते घरकामाचे पुस्तक म्हणून. सुरुवातीलाच वडिलांचे सोवळे आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, मीठ-साखरसुद्धा सुटत नाही! वाचताना हसू येते. पण धुणारे हात कोणाचे? घरच्या बाईचे. आणि पुढे नवरा हातातले देऊन मोकळा होणारा कवी, मग चूल पेटवायची जबाबदारी पुन्हा कोणावर? बाई हे सगळे रडत सांगत नाहीत, म्हणून आपण त्याला विनोद म्हणून मोकळे होतो.

आमची ही असेपर्यंत घरातली नऊ तासांची दुसरी पाळी मलाही कधी दिसली नव्हती. आता गेली तीन वर्षे डाळ भिजत घालायला मीच विसरतो.

---

बोंबील_थाळी

काका _/\_

---

शेवरी

दगडफूल, वाईट कशाला वाटेल? पण परवापासून उत्तर लिहून खोडतेय.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी साइटवर उभी असते तेव्हा भिंत 'मी' बांधली असंच म्हणते. गेल्या आठवड्यात एका घरामागच्या संरक्षक भिंतीचं काम चालू होतं. पाणी निचरायची भोकं मी नकाशात दीडदीड मीटरवर दाखवली होती. आमच्या मुकादमाने एका जागी दोन भोकं जवळजवळ ठेवली. मी ओरडले. तो काही बोलला नाही, नुसतं मागच्या कातळाकडे बोट केलं. तिथे पावसात पाझर असतो, ओल्या शेवाळाची खूण होती. मला दिसली नव्हती. हा माणूस कर्नाटकातून दरवर्षी दिवाळीनंतर येतो आणि पावसाआधी परत जातो. त्याचं काम मी अकरा वर्षं बघतेय आणि त्याच्या घरी कोण कोण आहे हे मला त्या दिवशी विचारल्यावर कळलं.

फूटपट्टी टाकत नाही, पण 'कोण बघतंय' हा रकाना तिच्यात वाढवते. 'बलुतं' माझ्याकडे होतं, खालच्या कप्प्यात. नवीन प्रत मागवली. पुरानंतर विकत घेतलेलं पहिलं पुस्तक.

आजोबा, स्मृतिचित्रे वरच्या कप्प्यात आहे, सुखरूप. पुढचं तेच.

---

नागपुरी_तर्री

एवढा इंजिनिअरिंगचा धागा आणि नंदा खरेंचं नाव कुणीच घेऊ नये? अहो, ते स्वतः स्थापत्य अभियंता, आमच्या नागपूरचे. 'दगडावर दगड, विटेवर वीट' हे त्यांच्या त्याच धंद्यातल्या दिवसांबद्दल आहे. शेवरीताईंनी ते वाचलं नाही म्हणजे कमालच. घोड्याच्या दाण्याची तक्रार असेल तर 'अंताजीची बखर' घ्या. तिथे इतिहास राजाच्या बाजूने नाही, हुशार पण साध्या माणसाच्या बाजूने दिसतो, आणि तो आपल्या पोटाची काळजी आधी करतो. 'उद्या'ला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो त्यांनी घेतला नाही, हे आठवत असेलच. २०२२ मध्ये गेले. फार लवकर.

---

शेवरी

नाही वाचलं, कबूल. लाज वाटली. दोन्ही कुठे मिळतील?

---

नागपुरी_तर्री

'दगडावर' माझ्याकडे आहे, पाठवतो. पण परत हवं. आणि वरच्या कप्प्यात ठेवायचं.

---

सातारी_माचिस

कार्व्हरचा सूड घ्यायला आलो होतो, इथे सगळे रडवायलाच बसलेत. ताई, एक कामाचं विचारतो. भिजलेली पुस्तकं वाळवलीत कशी? आमच्या माळ्यावर गळती झाली, आजोबांच्या पोथ्या ओल्या आहेत.

---

शेवरी

उन्हात अजिबात ठेवू नका, पानं वाकडी होतात. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. पंख्याखाली उभी, जरा फाकवून. मधेमधे टीपकागद किंवा साधा कोरा कागद, ओला झाला की बदलायचा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. मी ते केलं आणि रारंग ढांगच्या एका पानावर आता भाजीचे भाव उलटे छापलेले आहेत.

सगळी एकदम जमत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, बुरशी थांबते. मग एकेक काढून वाळवा. आमच्याकडे दोन महिने मटारांशेजारी शब्दकोश होता.

---

सातारी_माचिस

बायको विचारतेय, पोथी मांसाहाराच्या कप्प्यात चालेल का?

---

आजोबा_ऑनलाइन

लक्ष्मीबाईंच्या वडिलांना विचारा.